पाठीमागची वाट

गोव्याच्या खेड्यांत पहाट होते ती पोदेराच्या भोंग्याबरोबर. अंगणात अजून पुरते उजाडलेलेही नसते, तोच वळणापलीकडून रबरी भोंग्याचा ‘पों पों’ असा ओळखीचा स्वर येतो आणि कोणी पिशवी, कोणी भांडे घेऊन दारात येऊन उभे राहते. पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्या सायकलीच्या मागील कॅरियरवर बांबूची भली मोठी टोपली बांधलेली असते. तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन आणि आत भट्टीतून नुकतेच निघालेले पाव, उंडे, पोई आणि काकणे. हा सारा भार सांभाळीत पोदेर अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने दारोदार हिंडतो. त्याची सायकल जरा लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पुढचा रस्ता त्याला स्वच्छ दिसतो. मागचा मात्र जवळजवळ दिसतच नाही. मान वळवून पाहावे तर टोपली आड येते, आणि टोपलीच्या भाराने सायकल आधीच डोलत असते.

पोदेराची ही अडचण थोड्याफार फरकाने प्रत्येक सायकलस्वाराची आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे सायकलीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी असो, बडोद्यात किंवा हैदराबादेत पाळी संपवून घरी परतणारा कामगार असो, की बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून शाळेस जाणारी मुलगी असो, या सर्वांच्या पाठीशी मोठी वाहने असतात. उसाच्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातील रस्त्यांवरून दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. त्यांच्यापुढे सायकल चालविणाऱ्या त्या मुलीने रस्त्यातला खड्डा चुकविण्यासाठी हातभर उजवीकडे सरकावे की सरकू नये? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळदा जीव अवलंबून असतो, आणि ते उत्तर तिच्या पाठीमागे असते.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सर्व वाहनांच्या अपघातांचे प्रकार पाहिले तर त्यांत ‘मागून धडक’ या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा होता. सायकलीला एक आरसा लाविला असता तर हे सारे सायकलस्वार वाचले असते, असे कोणी म्हणणार नाही. बेफाम मोटार आरशाला भीत नाही. तथापि पाठीमागे काय आहे हे वेळीच कळले, तर सायकलस्वाराला आपले पुढचे पाऊल विचाराने उचलता येते. तेवढी सवड मिळवून देणे हेच आरशाचे काम होय.

मग मान वळवून पाहण्यात काय वाईट आहे, असा प्रश्न कोणी विचारील. वाईट काहीच नाही. किंबहुना ती सवय प्रत्येक सायकलस्वारास असलीच पाहिजे. परंतु तिला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा वेळेची. ताशी १५ किलोमीटर या साध्या वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ४ मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. मागे पाहण्यात एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर सायकलस्वार आंधळेपणाने पुढे गेला असे समजावे. त्या ४ मीटरांत एखादे कुत्रे, उघडलेले गटार किंवा पुढच्या रिक्षाचा अचानक दाबलेला ब्रेक असू शकतो. दुसरी मर्यादा शरीराची. मान ज्या बाजूस वळते त्याच बाजूस खांदा ओढला जातो, खांद्याबरोबर हात आणि हाताबरोबर हँडल. आपल्या देशात वाहतूक डावीकडून चालते. म्हणून मागचे पाहण्यासाठी मान उजवीकडे वळवावी लागते. परिणाम असा होतो की, मागून येणाऱ्या वाहनाचा शोध घेता घेता सायकल नकळत त्याच वाहनाच्या वाटेत सरकते. शिकलेला सायकलस्वार सरावाने हा दोष काढून टाकतो. पण नवशिक्या मुलाला, पाठीवर ओझे असलेल्या माणसाला आणि ज्याची मान वयोमानाने आखडली आहे अशा वृद्धाला ते नेहमीच साधते असे नाही.

कानांवर विसंबावे म्हटले तर तेही पूर्वीइतके विश्वासाचे राहिलेले नाहीत. एके काळी मोटारीच्या यंत्राचा आवाज दुरून ऐकू येई आणि सायकलस्वार आपसूक कडेला होई. आज विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर जवळजवळ नि:शब्दपणे येतात. उलट भर बाजारात कर्ण्यांचा कोलाहल असा असतो की, कोणता आवाज कोणासाठी हे समजत नाही. वारा समोरून वाहत असेल तर कानांत त्याचाच घोंगाट भरून राहतो. शिवाय ज्यांना कमी ऐकू येते त्यांचा विचार तर वेगळाच करावयास हवा. त्यांच्या दृष्टीने सायकलीचा आरसा ही चैन नसून निकड आहे.

मागचे पाहण्यासाठी आरसा वापरण्याची कल्पना जुनी आहे, आणि ती प्रथम मोठमोठ्या कारखान्यांत जन्मली असेही नाही. डॉरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक स्त्रीचे एक पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्यात तिने मोटार चालविणाऱ्या स्त्रियांना असा सल्ला दिला होता की, एक छोटा हातआरसा जवळ बाळगावा आणि रहदारीत मधूनमधून तो उंच धरून मागे काय चालले आहे ते पाहावे. शृंगाराच्या पेटीतील वस्तू अशा रीतीने रस्त्यावर उपयोगी पडली. पुढे दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली मोटारशर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मदतनीस बसे आणि मागून कोण येत आहे हे तो चालकाला सांगे. रे हॅरून या चालकाच्या गाडीत मात्र एकाच माणसाची जागा होती. प्रतिस्पर्ध्यांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा हॅरूनने गाडीवर पुढच्या बाजूस एक आरसा बसविला. घोड्याच्या एका गाडीवर असा आरसा त्याने पूर्वी पाहिला होता. ती शर्यत हॅरूनने जिंकली आणि त्याच्या आरशाची कथा जगभर झाली. पण पुढे त्याने स्वत:च एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. विटांनी बांधलेल्या त्या मार्गावर गाडी इतकी हादरत होती की, आरशात काहीच धड दिसत नव्हते.

या कथेतील अखेरचे वाक्य सायकलस्वाराने विसरू नये. आरसा असणे ही एक गोष्ट आणि आरशात दिसणे ही दुसरी. सायकलीला मोटारीसारख्या भक्कम स्प्रिंगा नसतात. रस्त्याचा प्रत्येक खडा हँडलपर्यंत पोचतो. लांब आणि बारीक दांडीवर बसविलेला आरसा अशा वेळी झाडाच्या फांदीसारखा थरथरतो आणि त्यातील चित्र विस्कटून जाते. म्हणून सायकलीचा आरसा आखूड व ताठ दांडीचा असावा, आणि तो आवळताना नटाखाली रबरी वायसर घालावा. इतके करूनही खडबडीत रस्त्यावर चित्र थोडे पुसट होणारच. पण मागे काही मोठे येत आहे की रस्ता मोकळा आहे, एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

आता आरसा कोणता घ्यावा हे पाहू लागले म्हणजे शाळेतील पदार्थविज्ञानाचा धडा कामास येतो. आरसे मुख्यत: दोन प्रकारचे मिळतात, सपाट आणि बहिर्वक्र. बहिर्वक्र म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूस फुगीर. स्टीलच्या चमच्याची पाठ डोळ्यांसमोर धरली तर सारी खोली तीत मावते, पण प्रत्येक वस्तू इवलीशी दिसते. हाच बहिर्वक्र आरशाचा गुण आणि हाच त्याचा दोष.

एक उदाहरण हिशेबाने पाहू. समजा, ६ सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा हँडलवर, डोळ्यापासून ६० सेंटिमीटर अंतरावर आहे. अशा आरशातून एका डोळ्यास ३० मीटर मागच्या रस्त्याची सुमारे ३ मीटर रुंदी दिसेल. म्हणजे जेमतेम एका मोटारीपुरती वाट. आता तेवढाच, पण १ मीटर २० सेंटिमीटर वक्रतात्रिज्येचा बहिर्वक्र आरसा त्याच जागी बसविला, तर तीच रुंदी दुप्पट, म्हणजे सुमारे ६ मीटर होते. फायदा उघड आहे. पण निसर्ग काही फुकट देत नाही. रस्ता दुप्पट दिसला, तर त्यावरील वाहन निम्मे दिसते. ३० मीटरांवर आलेला ट्रक अशा आरशात ६० मीटरांवर असल्यासारखा भासतो. मोटारींच्या बाहेरील आरशांवर, आत दिसणाऱ्या वस्तू वाटतात त्याहून जवळ असतात, अशा अर्थाची सूचना पुष्कळदा छापलेली असते ती याच कारणाने.

हा भास किती महाग पडू शकतो हेही त्याच हिशेबाने कळेल. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागून ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरले, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदास सुमारे १० मीटरांनी घटते. ट्रक खरोखर ६० मीटरांवर असेल तर सायकलस्वारापाशी सहा सेकंद आहेत. तेवढ्यात तो खड्डा चुकवून पुन्हा कडेला येऊ शकेल. पण ट्रक ३० मीटरांवर असून आरशाच्या भासाने तो ६० मीटरांवर आहे असे त्याने मानले, तर सहा सेकंद आहेत अशा समजुतीने तो तीन सेकंदांत अडकतो. आरसा खोटे बोलत नाही. पण त्याची भाषा निराळी आहे आणि ती शिकून घ्यावी लागते.

मग सपाट आरसाच का वापरू नये? त्याचेही कारण आहे. हँडलवर बसविलेला आरसा हँडलाबरोबर वळतो, आणि आरशाचा असा नियम आहे की, तो जेवढ्या अंशांनी फिरतो त्याच्या दुप्पट अंशांनी त्यातील दृष्टीची रेषा फिरते. सायकलीचा तोल सांभाळताना हँडल दोनतीन अंश इकडेतिकडे होतच असते. तीन अंश हँडल हलले की दृष्टी सहा अंश ढळते. वरच्या उदाहरणातील सपाट आरशाची सारी कक्षाच सहा अंशांहून किंचित कमी भरते. अर्थात तेवढ्या हालचालीने मागचा रस्ता आरशातून पार निघून जातो आणि त्याऐवजी कुंपण किंवा आकाश दिसू लागते. बहिर्वक्र आरशाची कक्षा रुंद असल्याने त्यात रस्त्याचा काही भाग तरी शिल्लक राहतो. म्हणून हँडलसाठी किंचित बहिर्वक्र आरसा बरा. फार फुगीर मात्र नसावा. त्यात ट्रकसुद्धा मुंगीएवढा दिसतो.

सपाट आरशाचा लाभ ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. चष्म्याच्या दांडीला किंवा शिरस्त्राणाला लाविण्याचे अगदी लहान आरसे मिळतात. आरसा डोळ्याच्या जितका जवळ, तितकी त्याची कक्षा मोठी. डोळ्यापासून १० सेंटिमीटरवरचा अवघा ३ सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा सुमारे १७ अंशांचा देखावा दाखवितो, आणि तोही खऱ्या आकारमानात. शिवाय मान जराशी हलविली की मागचा सारा रस्ता झाडून पाहता येतो. अशा आरशाची सवय होण्यास काही दिवस लागतात. आरंभी डोळ्यांपुढे काहीतरी लोंबत असल्यासारखे वाटते. पण रोज लांबचा प्रवास करणारे काही सायकलस्वार हाच आरसा पसंत करतात.

हँडलचा आरसा बसविण्याची रीत साधी आहे, पण ती घाईने उरकण्याजोगी नाही. वाहतूक डावीकडून चालत असल्याने आरसा उजव्या मुठीच्या बाजूस, हँडलच्या शक्य तितक्या टोकाशी असावा. आत सरकलेल्या आरशात स्वत:चा दंड आणि सदरा यांखेरीज फारसे काही दिसत नाही. पोदेराच्या किंवा गवळ्याच्या सायकलीवर तर तो टोपलीच्या अथवा किटलीच्या कडेपलीकडे डोकावेल इतका बाहेर हवा. मग दुसऱ्या कोणी सायकल सरळ धरावी आणि सायकलस्वाराने सीटवर नेहमीप्रमाणे बसावे. आरशाच्या आतल्या कडेला आपल्या खांद्याची किंवा कोपराची पुसटशी किनार दिसावी. उरलेल्या भागात रस्ता असावा, आणि रस्ता व आकाश जेथे मिळतात ती रेषा आरशाच्या मध्याच्या किंचित वर यावी. त्यानंतर नट पान्याने घट्ट आवळावा.

याच वेळी आणखी एक प्रयोग करून घ्यावा. घरातील एखाद्या मुलाला दुसरी सायकल घेऊन आधी १०, मग २०, मग ३० मीटर मागे उभे करावे आणि प्रत्येक वेळी त्याचे चित्र आरशात केवढे दिसते ते नीट पाहून ठेवावे. नंतर मान वळवून त्याला प्रत्यक्ष पाहावे. आरशातील ‘लांब’ आणि रस्त्यावरचे ‘लांब’ यांत किती अंतर आहे हे त्या एका प्रयोगाने जितके पटते, तितके दहा व्याख्यानांनी पटणार नाही. शाळेच्या पटांगणावर विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग केला, तर प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा मुलांना जन्मभर आठवेल आणि कदाचित त्यांच्या उपयोगीही पडेल.

आरसा बसला म्हणजे तो पाहावयाचा कसा, हे शिकले पाहिजे. आरशात टक लावून बसणारा सायकलस्वार मागे पाहत चालणाऱ्या माणसासारखाच. पुढच्या खांबावर त्याचे कपाळ आपटणार. नजर पुढेच असावी. आरशाकडे ती पाखरासारखी क्षणभर जाऊन परत यावी. पण एकदा पाहून भागत नाही. एकदा पाहिल्याने मागे वाहन आहे एवढे कळते. दोनदा पाहिल्याने ते कसे येत आहे हे कळते. दोन नजरांच्या मधल्या एकदोन सेकंदांत वाहनाचे चित्र तेवढेच राहिले, तर ते सायकलीच्याच वेगाने मागोमाग येत आहे. चित्र भराभर वाढले असेल तर ते झपाट्याने जवळ येत आहे, आणि त्याला वाट देणेच शहाणपणाचे. बहिर्वक्र आरशात अंतराचा अंदाज चुकतो. परंतु चित्र वाढते आहे की नाही हे मात्र त्यातही कळते. अनुभवी सायकलस्वार अंतर मापीत बसत नाहीत. चित्राची वाढ पाहतात.

आरशाकडे नजर टाकण्याचे खास प्रसंग थोडे आहेत. समोर खड्डा किंवा उभी मोटार दिसली आणि तिला वळसा घालावयाचा असेल तेव्हा. पूल किंवा अरुंद रस्ता सुरू होण्यापूर्वी. उतारावर वेग घेण्याआधी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उजवीकडे वळण्यापूर्वी. डाव्या कडेने चाललेल्या सायकलस्वाराला उजवे वळण घेताना मागून येणाऱ्या सगळ्या वाहनांची वाट छेदून जावे लागते. त्याच्या साऱ्या प्रवासात याहून धोक्याचा क्षण नाही.

या वळणाच्या वेळी आरशावर सर्वस्वी विसंबणे घातक ठरेल. कारण कोणताही आरसा सगळे दाखवीत नाही. सायकलीच्या अगदी बाजूस आणि किंचित मागे आलेली मोटारसायकल आरशाच्या कक्षेतून केव्हाच निघून गेलेली असते, आणि डोळ्यांच्या कडेत ती अजून आलेली नसते. हा आंधळा कोपरा केवळ मान वळवूनच तपासता येतो. म्हणून मुलांना चार शब्दांचा क्रम पाठ करून द्यावा : आधी आरसा, मग मान, मग हात, मग चाक. आरशाने सांगावे की मान वळविण्याजोगी सवड आहे. मानेने खात्री करावी की बाजूस कोणी नाही. हाताने इतरांना कळवावे की वळावयाचे आहे. आणि त्यानंतरच चाक वळावे. यांतील कोणत्याही एका पायरीवर शंका आली, तर कडेला थांबून, सायकल हाती धरून रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही.

आरशाचा विचार केवळ आपल्या सायकलीपुरता करून पुरत नाही. रस्त्यावरील प्रत्येक मोटारीला आरसे असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ते मोटार वाहनांस आवश्यक केले आहेत. सायकल हे मोटार वाहन नव्हे, तेव्हा तिला ती सक्ती नाही. परंतु दुसऱ्याच्या आरशाचाही सायकलस्वाराला उपयोग करून घेता येतो. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने तो उलटही येऊ शकतो, असा निसर्गाचा नियम आहे. ट्रकच्या मागे किंवा बाजूला असताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत असेल, तर त्या चालकालाही आपला चेहरा दिसू शकतो. त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या दृष्टीने ती सायकल रस्त्यावर नाहीच. चौकात थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसणारे सायकलस्वार नेमके अशा न दिसणाऱ्या जागी जाऊन उभे राहतात. दिवा हिरवा होतो, ट्रक डावीकडे वळू लागतो आणि त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून, कडेला घासून येतात. तेथे ना चालकाचा आरसा कामास येतो, ना सायकलीचा. अशा वाहनाच्या मागेच थांबावे, आणि ते वळून गेल्यावर निघावे.

दिसणे आणि दिसले जाणे यांत फरक आहे, हे रात्री विशेष जाणवते. सायकलीच्या आरशात मागच्या मोटारीचे दिवे भडक दिसतात, पण त्यांवरून तिचे अंतर सांगता येत नाही. आरसा सायकलस्वाराला मागचे दाखवितो. मागच्याला सायकलस्वार दाखवीत नाही. त्यासाठी मागच्या मडगार्डावर लाल परावर्तक आणि जमल्यास लाल दिवा हवा. हा परावर्तकही एका अर्थी आरसाच आहे. त्याच्या आतील बारीक बारीक खाचांना परस्परांशी काटकोनात असलेली तीन तीन पृष्ठे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश कोठूनही आला तरी ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून मोटारीच्या दिव्याचा झोत थेट तिच्या चालकाकडेच परततो. याच तत्त्वाचे परावर्तक १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेविले आणि पृथ्वीवरून सोडलेले प्रकाशाचे किरण त्यांवरून परत आले. चंद्रावर उपयोगी पडलेली ही युक्ती गावातल्या सायकलीच्या मडगार्डावर अल्प खर्चात मिळते. तिच्यावर साचलेला चिखल तेवढा पुसला पाहिजे.

पुसण्याची गोष्ट आरशालाही लागू आहे. पावसाळ्यात त्यावर थेंब साचतात, हिवाळ्यात दव. निघण्यापूर्वी कोरड्या फडक्याने तो पुसावा आणि नट सैल झाला नाही ना हे पाहावे. सायकल दुकानाबाहेर किंवा शाळेच्या आवारात उभी असताना आरशाला कोणाचा ना कोणाचा धक्का लागतोच. म्हणून दर वेळी सीटवर बसताच तो हाताने नीट करून घेण्याची सवय असावी. तडा गेलेला आरसा तसाच ठेवू नये. पडल्यास त्याच्या काचा इजा करतात. न फुटणारा आरसा मिळत असेल तर मुलांच्या सायकलीसाठी तोच निवडावा.

आरसा लाविलेली सायकल पाहून पुष्कळदा लोक हसतात. फटफटीची हौस सायकलीवर भागवितो, असे म्हणतात. शाळकरी मुलांना ही थट्टा लागते आणि आठवड्याभरात आरसा घरच्या माळ्यावर जाऊन पडतो. येथे वडीलधाऱ्यांनी थोडे लक्ष घातले पाहिजे. मुलाला सायकल घेऊन देताना घंटी, ब्रेक आणि कुलूप जितक्या काळजीने पाहिले जाते, तितक्याच काळजीने आरसा आणि परावर्तक पाहिला जावा. घरातील मोठ्या माणसाच्या सायकलीवर आरसा असला म्हणजे लहानांना त्याची लाज वाटत नाही.

आरशाने रस्ते रुंद होणार नाहीत आणि चालकांची घाईही कमी होणार नाही. रस्त्यांवर सायकलींना स्वतंत्र, सुरक्षित जागा मिळाली पाहिजे ही मागणी योग्यच आहे, आणि तिचा आग्रह सोडता कामा नये. पण ती जागा होईपर्यंत पोदेराला रोज पहाटे निघावयाचेच आहे; गवळ्याला, कामगाराला आणि शाळेतील मुलीलाही निघावयाचे आहे. वळणावर पाठीमागून बस येत आहे हे पोदेराला मान न वळविता दिसले, तर तो भिंतीच्या कडेला सायकल घेऊन क्षणभर थांबेल. बस पुढे निघून जाईल. मग तो पुन्हा भोंगा वाजवील आणि पुढच्या दारात पाव वेळेवर पोचेल.